टाका तुझ्याही पोटावर पडणार आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

रावेर तालुक्यातल्या एका गावातून २७ वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. घरी केळीची बाग, एकत्र कुटुंब, चार वर्षांचा मुलगा. दुसऱ्या खेपेचा एकविसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या कमरेपाशी मणक्यांना फट आणि तिथे पिशवीसारखा फुगवटा दिसला. डॉक्टरांनी कागदावर ‘मेनिंगोमायलोसील’ असं लिहून मुंबईला फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. नंदोईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. आईच्या पोटातून इवलासा हात बाहेर आलाय आणि त्याने डॉक्टरचं बोट धरलंय. सोबत दिल्लीच्या एम्समधल्या ऑपरेशनची बातमी. तेव्हापासून नवरा म्हणतो, दोन एकर विकू पण पोटातच ऑपरेशन करून बाळ नीट करू. सासरे म्हणतात, सीएमव्ही (केळीवरचा विषाणूचा रोग) आलेलं झाड आपण बागेतून उपटतोच ना. सासूबाईंच्या मते सुनेने ग्रहणात भरतासाठी कांद्याची पात चिरली, तिथेच घात झाला. मोठ्या दिरांनी सुचवलं, आधी मुलगा की मुलगी ते काढा, मग खर्चाचं बघू. मैत्रीण विचारते : “ताई, मला त्या ऑपरेशनची भीती वाटते. पण बाळासाठी घाबरले तर मी आई कसली? हो म्हणू की नाही, एवढंच सांगा.”

—

तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, कारण अशा पत्राला महिन्याने छापून उत्तर देणं म्हणजे भुसावळहून गाडी सुटल्यावर हातात तिकीट देण्यासारखं. फोनवर मागे नातेवाइकांचा गलका होता, निम्मं बोलणं राहून गेलं. ते इथे लिहिते. तू छापायला परवानगी दिलीस, ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

‘हो की नाही’ हे मी सांगणार नाही. माझा तो अधिकारही नाही. पण तुझ्या घरात जी चार मतं फिरताहेत त्यातलं एकेक उचलून बघू. त्यातली दोन चटकन बाजूला ठेवता येतील.

पहिलं ग्रहण. सासूबाईंना तू नको सांगूस, नवऱ्याला सांगू दे. ज्या नळीपासून मेंदू आणि पाठीचा कणा घडतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर. कितीतरी जणींना तेव्हा दिवस गेलेत हेही माहीत नसतं. तुझ्या बाळाची नळी कमरेपाशी मिटायची राहिली ती तेव्हाच. ग्रहण आलं तुझ्या तिसऱ्या महिन्यात, तोवर सगळं होऊन महिना उलटला होता. पात चिरली काय आणि न चिरली काय. असं का होतं, याची कारणं अनेक आहेत : शरीरात फोलिक अ‍ॅसिड कमी असणं, काही अनुवंशिक गोष्टी, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्‌सवरचं सोडियम व्हॅलप्रोएटसारखं औषध. बऱ्याचदा बोट ठेवावं असं एकही कारण सापडत नाही. ‘मी गोळ्या वेळेवर नाही घेतल्या’ हेही तू फोनवर दोनदा म्हणालीस. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात, त्या चुकल्या म्हणून पाठीला फट पडत नाही.

दुसरं दिरांचं. यावर मला फार शब्द खर्चायचे नाहीत. लिंग विचारणं, सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मणक्यातली फट मुलाला एक नि मुलीला एक अशी नसते. आपल्या जिल्ह्याने या बाबतीत आधीच पुरेसं नाव घालवलंय. मुंबईला जाताना दीर सोबत येतो म्हणाले तर गाडीत जागा नाही म्हणावं.

आता सासरे. त्यांचं वाक्य वाचून मी दोन मिनिटं पत्र खाली ठेवलं. पण त्यांना दुष्ट समजू नकोस. माणूस घाबरला की हाताशी असलेल्या भाषेत बोलतो, आणि त्यांची भाषा बागेची आहे. मग बागेच्याच भाषेत उत्तर दे. सीएमव्हीचं झाड आपण का उपटतो? ते वाकडं दिसतं म्हणून नाही. मावा तो रोग शेजारच्या झाडावर नेतो आणि अख्खी बाग जाते म्हणून. तुझ्या बाळाच्या पाठीतली फट कुणाला लागायची नाही. मग तुलनाच संपली. (जाता जाता : गरोदरपणाच्या रक्ततपासणीतही ‘सीएमव्ही’ नावाचा एक विषाणू असतो. तो वेगळा, माणसाचा. केळीवरच्या रोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. रिपोर्टवर ती तीन अक्षरं दिसली तर घरात नवा गोंधळ नको.)

केळीचा विषय निघालाच आहे तर तुझ्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘बनाना साइन’ लिहिलंय त्याबद्दल. सासऱ्यांना वाटलं डॉक्टरने चेष्टा केली. चेष्टा नाही ती. कण्याच्या फटीतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत राहतं, त्या ओढीने मागचा लहान मेंदू मानेकडे खाली खेचला जातो आणि चपटून वाकतो, सोनोग्राफीत तो केळ्यासारखा दिसतो. कवटी पुढच्या बाजूला दोन्हीकडून दबते, तिला ‘लेमन साइन’ म्हणतात. लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ साली ही नावं दिली. त्या खुणांमुळेच तुझ्या बाळाचं दुखणं वेळेत कळलं. नाहीतर काळ्या-करड्या पडद्यावर इवल्या मणक्यांमधली एक फट शोधायची म्हणजे सोपं नाही.

आणि आता फोटो, ज्याने तुमच्या घराला वेड लावलंय.

तो फोटो खरा आहे. १९९९ साली अमेरिकेत नॅशव्हिलला काढलेला, बाळ २१ आठवड्यांचं होतं, तुझ्या बाळाएवढंच, आणि दुखणंही हेच. पण बाळाने डॉक्टरचं बोट धरलं ही गोष्ट त्याला नंतर चिकटली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच पुढे सांगितलं की आई आणि बाळ दोघंही भुलीखाली होते, हात त्यांनी स्वतः बाहेर काढला होता. माझा आक्षेप मात्र वेगळाच आहे. तो फोटो पुन्हा उघड आणि नीट बघ. हात आहे, हातमोजा आहे, गर्भाशयाला दिलेला छेद आहे. ती बाई कुठे आहे? जिचं पोट उघडलंय ती चौकटीच्या बाहेर. तुमच्या घरातली सगळी चर्चा या फोटोसारखी चालली आहे. नवरा बाळाबद्दल बोलतोय, सासरे बागेबद्दल, दीर पैशाबद्दल. तू विचारतेस ‘मी घाबरले तर आई कसली’, म्हणजे तूही स्वतःला चौकटीबाहेरच ठेवलंयस.

म्हणून ते ऑपरेशन नेमकं कसं होतं ते सांगते. घाबरवायला नव्हे. नवऱ्याने हा भाग मोठ्याने वाचावा.

तुला पूर्ण भूल देतात. सिझेरियनसारखं पोट उघडतात, गर्भाशय बाहेर उचलून घेतात. वार कुठे चिकटली आहे ते सोनोग्राफीने बघून, तिला धक्का लागणार नाही अशा जागी गर्भाशयाला छेद देतात. सिझेरियनचा छेद खालच्या पातळ भागावर असतो, हा बहुधा वरच्या जाड स्नायूवर पडतो, आणि पुढचं सारं रामायण त्यामुळे. बाळाला बाहेर काढत नाहीत. त्याची पाठ तेवढी छेदासमोर आणतात, आत कोमट द्रव सोडत राहतात, बाळालाही वेगळं भुलीचं इंजेक्शन देतात. मग उघड्या पडलेल्या मज्जारज्जूवर थर जोडून कातडी शिवतात. टाके केसासारख्या दोऱ्याचे. गर्भाशय परत शिवतात, पोट शिवतात, आणि तिथून पुढे कळा सुरू होऊ नयेत यासाठी औषधं. यानंतर बाळ आतच वाढायचं, तू बहुतेक वेळ पडून राहायचंस, रुग्णालयापासून जवळ, म्हणजे रावेरला नाही. बाळंतपण सिझेरियननेच. त्यापुढची प्रत्येक खेप, राहिली तर, सिझेरियननेच, कारण त्या जाड स्नायूवरचा टाका कळांचा जोर सोसेल याची खात्री नसते. गर्भाशय फाटण्याचा धोका पुढच्या गरोदरपणातही राहतो. दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून हे करण्याची पद्धतही आता काही ठिकाणी आहे. तिच्यात गर्भाशयावर मोठा छेद नसतो, पण पाण्याची पिशवी लवकर फुटण्याची चिंता तिथेही आहेच.

हे सगळं कशासाठी? तर नळी मिटायची राहिली हा पहिला घाव, तो कुणाला पुसता येत नाही. पण उघडी पडलेली मज्जा पुढचे काही महिने गर्भजलात भिजते, घासली जाते, तो दुसरा घाव. ऑपरेशन हा दुसरा घाव थांबवायला आहे. तुझा नवरा ‘नीट करू’ म्हणतो. ‘नीट’ हा शब्द इथे बसत नाही. ‘आणखी बिघडू द्यायचं नाही’ म्हणालास तर बसेल, असं त्याला सांग.

आणि किती थांबतं, तेही तपासून झालंय. अमेरिकेत २००३ पासून तीन रुग्णालयांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निम्म्या आयांचं ऑपरेशन पोटात, निम्म्यांच्या बाळांचं जन्मल्यावर. अभ्यास चालू होता तोवर तिथल्या बाकीच्या रुग्णालयांनी हे ऑपरेशन करायचं नाही असं आपसांत ठरवलं होतं. एवढी सावधगिरी का, तर सुरुवातीला पोटातली शस्त्रक्रिया केली जायची ती बाळ अन्यथा वाचणारच नाही अशा दुखण्यांत. सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ साली गर्भाशय उघडून पहिलं ऑपरेशन झालं ते मूत्रमार्ग तुंबलेल्या बाळावर. पाठीची फट मात्र बहुधा जीव घेत नाही. मग एका धडधाकट बाईचं पोट उघडायचं ते बाळाच्या जगण्यासाठी नसून त्याच्या चालण्यासाठी, हे कितपत रास्त, असा तो प्रश्न होता. तुझ्या भीतीत नेमका हाच प्रश्न आहे. मोठमोठ्या डॉक्टरांना तो पडला, तर तुला पडला म्हणून तू आई नाहीस असं कसं?

१८३ आया घेतल्यावर २०१० च्या अखेरीस अभ्यास मुदतीआधी थांबवला, कारण पोटातल्या ऑपरेशनचा फायदा स्पष्ट दिसायला लागला. निकाल २०११ मध्ये छापून आले. मेंदूत पाणी साठतं म्हणून जी नळी बसवावी लागते, शंट, तिची गरज वर्षभरात जन्मानंतर ऑपरेशन झालेल्या १०० पैकी ८२ बाळांना पडली, पोटात झालेल्या १०० पैकी ४० ना. अडीच वर्षांच्या वयाला आधाराशिवाय चालणारी मुलं पहिल्या गटात १०० त २१, दुसऱ्यात ४२. हा फरक लहान नाही, मी तो कमी करून सांगणार नाही. पण तोच आकडा उलटा धरून बघ : पोटात ऑपरेशन होऊनही अर्ध्याहून जास्त मुलं अडीच वर्षांची होताना आधाराशिवाय चालत नव्हती. लघवीवरच्या ताब्यात तर त्या वयाला तितका ठळक फरक दिसलाच नाही. आणि दुसऱ्या पारड्यात : पोटात ऑपरेशन झालेल्या १०० पैकी ७९ बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, सरासरी ३४ आठवड्यांना. जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांत सरासरी ३७ होती. बाळंतपणाच्या वेळी तीनपैकी एकीच्या जवळपास गर्भाशयाचा टाका पातळ झालेला किंवा उसवू लागलेला आढळला. दोन्ही गटांत दोन-दोन बाळं गेली. आया सगळ्या वाचल्या.

हे निकाल फार निवडून घेतलेल्या बायकांचे आहेत, तेही लक्षात ठेव. १९ ते जवळपास २६ आठवडे याच काळात ऑपरेशन. एकच बाळ हवं, त्याला दुसरं व्यंग नको, गुणसूत्रांची तपासणी ठीक हवी, लहान मेंदू खाली ओढलेला हवा, आईचं वजन फार नको, आईला आधी गर्भाशयाच्या वरच्या भागावर छेद झालेला नको. म्हणजे दोन एकर विकायला काढण्याआधी तू त्या चाळणीतून पार होतेस का, हेच अजून ठरायचंय.

दिल्लीच्या बातमीचं एका परिच्छेदात सांगते, कारण अशा बातम्या बऱ्याच घरांत फिरतात. एम्समध्ये २०२३ च्या मार्चमध्ये झालं ते वेगळं. द्राक्षाएवढ्या हृदयाची अरुंद झडप, आईच्या पोटातून सुई घालून, फुग्याने रुंद केली. आईवर छेद नाही. ‘पोटातल्या बाळावर उपचार’ या एका नावाखाली पुष्कळ गोष्टी येतात. रक्तगटाच्या विरोधामुळे बाळाचं रक्त कमी होत असेल तर पोटात असतानाच त्याला रक्त देतात. न्यूझीलंडमध्ये १९६३ साली ते पहिल्यांदा झालं, आणि आता आपल्याकडेही मोठ्या केंद्रांत नेहमीचं आहे. एकाच वारेवरच्या जुळ्यांमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात असेल तर दुर्बिणीतून लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करतात. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला मोठं भोक असेल, तर बाळाच्या श्वासनलिकेत काही आठवडे छोटा फुगा ठेवतात, फुप्फुसं वाढावीत म्हणून. २०२१ च्या अभ्यासात अतिगंभीर बाळांपैकी त्याने १०० त ४० जगली, एरवी १५. प्रत्येकाचं गणित निराळं. कुणाच्या बातमीवरून स्वतःचं गणित मांडू नये, एवढंच.

तर तुझ्यापुढे वाटा किती? घरात दोनच बोलल्या जाताहेत, जमीन विकून ऑपरेशन किंवा गर्भपात. मधली वाट कुणी बोलतच नाही : बाळ पूर्ण दिवसांचं होऊ द्यायचं, जन्म मोठ्या रुग्णालयात जिथे बालशल्यचिकित्सक आणि न्यूरोसर्जन दोघं आहेत तिथे, आणि दोन-तीन दिवसांच्या आत पाठ बंद करायची. पोटातली शस्त्रक्रिया यायच्या आधी सगळीकडे हेच व्हायचं, आजही जगातल्या बहुतेक बाळांचं हेच होतं. ही काही ‘काहीच न करण्याची’ वाट नाही.

मी पूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत समाजसेविका होते. तिथे पाठीचं ऑपरेशन झालेली एक सात वर्षांची पोर पारोळ्याकडून यायची. पायात आधाराचे कॅलिपर, बोलायला तुरुतुरु. तिच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी एक स्टीलचा डबा असायचा, त्यात लघवी काढायची नळी. तिची माय तिला आरशासमोर बसवून स्वतः नळी घालायला शिकवत होती, कारण शाळेत माय येणार नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा, घड्याळ लावून. पोर मला म्हणाली, “गुरुजींना वाटतं मी सारखी खेळायला जाते.” ही गोष्ट मी दोन कारणांनी सांगतेय. एक, या मुलांची बुद्धी बहुतेकदा चांगली असते, शाळा जमते. दुसरं, त्या मायचे हात. तिने सांगितलं होतं, सात वर्षांत ती एकदाही माहेरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिली नव्हती. गोड गोष्ट म्हणून ऐकायची असेल तर अर्धीच ऐकावी लागेल.

गर्भपाताचं. सासऱ्यांनी ज्या शब्दांत मांडलं ते शब्द चुकीचे, म्हणून ती वाट विचारात घेणंच पाप, असं नव्हे. २०२१ मध्ये बदललेल्या कायद्याप्रमाणे बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतरही, व्यंग तितकं गंभीर असेल तर, वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करता येतो आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. आणि हे अधोरेखित कर : सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, फक्त तिची. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासऱ्यांची तर नाहीच. हाच नियम दुसऱ्या बाजूनेही. तू नको म्हणालीस तर कुणी तुझा गर्भपात करू शकत नाही, आणि कुणी तुझं पोट उघडून बाळाची पाठ शिवू शकत नाही. ही वाट घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांपैकी एकीनेही ती सहज घेतलेली नव्हती. तू कुठली घेशील ते तुला अजून माहीत नाही, आणि माहीत नसणं आज ठीक आहे. पुढच्या दहा दिवसांत मात्र ठरवायला लागेल, कारण तिन्ही वाटांची दारं आठवड्यांवर चालतात.

म्हणून पहिलं काम : ताबडतोब मुंबईची वेळ घ्या. पंधरा दिवसांनंतरची मिळत असेल तर दुसरीकडे विचारा, जळगावच्या डॉक्टरांनाच फोन करायला लावा. डॉक्टरने डॉक्टरला फोन केला की वेळ लवकर मिळते, हा माझा अनुभव. सोनोग्राफीच्या फिल्म, सगळे कागद, रक्तगट, पहिल्या बाळंतपणाचं कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स घ्या. तिथे बारकाईने सोनोग्राफी, जमल्यास बाळाचा एमआरआय आणि गर्भजलाची तपासणी करतील. गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट यायला वेळ लागतो, प्राथमिक काही दिवसांत मिळतो का ते विचार.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी मी फोनवर सांगितल्या होत्या, तू म्हणालीस लिहून द्या. फट नेमकी कुठल्या मणक्यापासून सुरू होते, हा सगळ्यांत मोठा प्रश्न. जितकी खाली, तितकं पायांत बळ राहण्याची आशा जास्त. सोनोग्राफीत बाळ पाय हलवताना दिसलं म्हणजे पुढे चालेलच असं मात्र नाही, त्यावर विसंबू नकोस. पाय वाकलेले आहेत का, मेंदूत पाणी किती आहे, दुसरं काही व्यंग आहे का. ऑपरेशनचा सल्ला दिला तर : तुमच्या टीमने पाठीचीच अशी किती केली, उघडून की दुर्बिणीने, त्यांतली बाळं किती आठवड्यांना जन्मली, आयांना काय झालं. हे विचारल्यावर चिडणारा डॉक्टर असेल तर त्याच्याकडून पोट उघडून घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे. बालशल्यचिकित्सकालाही भेट, कारण बाळ जन्मल्यावर त्याला सांभाळायचंय, आणि तो जे सांगेल ते पुढच्या दहा वर्षांचं असेल. आणि तुझ्यासोबत कोण, तर नवरा आणि जाऊ. जावेबद्दल तू चांगलं लिहिलंयस, ती लिहून घेईल. अशा खोलीत ऐकलेलं निम्मं दाराबाहेर येईपर्यंत विसरतं.

पैशाचं. दोन एकराचा सौदा आज करू नका. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, ते तुम्हाला मी काय सांगायचं. आणि खर्च एका ऑपरेशनचा नसतो. पोटात करा की जन्मल्यावर, पुढे शंट बसलाच तर तो तुंबला की बदलणं, नळ्या, कॅलिपर, पाऊल वाकडं असेल तर प्लास्टर, फिजिओथेरपी, हे वर्षानुवर्षं पुरवायचं. विकायचीच असेल तर त्या वर्षांसाठी ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. बाळाचं जन्मानंतरचं ऑपरेशन त्यात कसं बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हे दुखणं आहे, त्यामुळे अंगणवाडी-शाळा तपासणाऱ्या पथकापासून जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत मोफत उपचारांची साखळी वापरता येते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लाजू नका. लोक काय म्हणतील म्हणून पाच-पाच वर्षं कागद न काढणारी घरं मी पाहिलीत.

जिला अजून दिवस गेलेले नाहीत, तिच्यासाठी दोन ओळी. फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, निदान महिनाभर आधी. दिवस गेल्याचं कळल्यावर सुरू केली तर ती नळी मिटायची वेळ बहुधा टळलेली असते. आणि जिच्या आधीच्या बाळाला हे झालंय, तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या दहापट जास्त डोस लागतो. १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासात त्याने पुन्हा असं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. तुझ्या पुढच्या खेपेला, आलीच तर, हे लागेल. आज तो विचार करायची गरज नाही.

नवऱ्याबद्दल तू रागाने लिहिलंस, ‘त्याला माझी पर्वाच नाही’. मला तसं वाटत नाही. त्याने फोटो बघितला आणि त्याला काहीतरी करता येण्यासारखं सापडलं. पुरुषांना बसून राहणं जमत नाही, बागेत वादळ आलं की तो दोरी-बांबू घेऊन धावतोच ना. त्याला फक्त हे ठाऊक नव्हतं की हे ऑपरेशन तुझ्यावरही आहे. वरचा तो परिच्छेद त्याला वाचायला दिलास की तोंडाकडे बघ. फोनवर त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, “हिला काही होणार नाही ना?” तेव्हा तू पाणी आणायला गेली होतीस.

तपासणी झाली की त्याच संध्याकाळी फोन कर. पाचनंतर मी घरीच असते.